जावयाच्या हातचं तीर्थ

राजेंद्रला मी इथं अहोजाहो करणार नाही. तोंडावर करते. शेजारणीचा जावई म्हणजे सगळ्या गल्लीचा जावई, त्याला मान द्यावाच लागतो. पण सकाळची पूजा उरकली की मी रोज ही वही घेऊन बसते, आणि देवापुढून उठून लगेच खोटं लिहायला माझा हात धजत नाही. तेव्हा तो म्हणजे तो.

गारखेड्यात आमच्या भिंतीला लागून मालनबाईंचं घर. नवरा लवकर गेला. थोरली प्रेरणा, तिचा हा नवरा राजेंद्र. धाकटा सुदर्शन. सुदर्शनला मनाचा आजार आहे. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होता तेव्हा सुरू झाला. कानात कुणी कुणी बोलायचं. टीव्हीतली बाई आपलंच नाव घेतेय म्हणून हा टीव्हीवर चादर टाकायचा. क्रांती चौकाजवळच्या मानसोपचाराच्या डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि वर्षभरात पोरगं माणसांत आलं. शिक्षण सुटलं ते सुटलं, पण हात सोन्याचे निघाले. कूलरच्या जळालेल्या मोटारी तो घरी बसून भरायचा. तांब्याची तार बोटांतून अशी सोडायचा की मी भाजी निवडता निवडता बघत राहायची. "काकू, तुमचा कूलर दम्याच्या पेशंटसारखा घरघर करायलाय, आणा इकडं," म्हणायचा. मधूनच स्वतःशी पुटपुटायचा, एखाद्या वेळी हसायचा. आम्ही तिकडं लक्ष देत नव्हतो. गल्लीतले अर्धे लोक कानात ती बोंडं घालून मोठमोठ्यानं एकटेच हसत जातात, त्यांना कुणी काही म्हणतं का?

आता राजेंद्र. वैजापूरकडचं खातंपितं घर. जमीन आहे, विहीर आहे. अभ्यास जमेना म्हणून चुलत्यानं त्याला शहागंजात औषधांच्या एका ठोक दुकानात चिकटवलं. तिथं हा बिलं फाडायचा आणि खोकी मोजून टेम्पोत भरायचा. औषधाशी त्याची ओळख एवढीच, खोक्याच्या बाहेरून. आतलं पोटात गेल्यावर काय करतं याच्याशी त्याचा कधी संबंध आला नाही. पुढं मालकाशी वाजलं, नोकरी सुटली. आता पैठण रोडला प्लॉट विकतो. पांढरा शर्ट, काळा चष्मा, वरच्या खिशात दोन पेनं. पण "मी मेडिकल लाईनचा" हे वाक्य त्याला चिकटलं ते चिकटलंच. लग्नात, बारशात, दहाव्याला, कुठंही बसला की शेजारच्याचं मनगट हातात घेतो, नाडीवर अंगठा दाबतो आणि डोळे मिटतो. अंगठ्यानं बघितलं तर आपलीच नाडी लागते म्हणे. म्हणजे इतकी वर्षं हा स्वतःचेच ठोके मोजून दुसऱ्यांना औषध सांगतोय.

आमच्या ह्यांच्या गुडघ्यासाठी त्यानं एकदा गोळी सांगितली. हे ती खाऊन दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपले. उठल्यावर गुडघा होता तिथंच दुखत होता. राजेंद्र म्हणाला, "बघा, आराम पडला का नाय!"

लोक तरीही त्याचं ऐकतात. कारण खरे डॉक्टर म्हणतात बघू, तपासू, रक्त काढू, परवा या. राजेंद्रला कधी काही बघावं लागत नाही. त्याचं सगळं आधीच ठरलेलं असतं, आणि ठामपणाला आपल्या लोकांत फार किंमत आहे.

यंदा धोंड्याचा महिना भर उन्हाळ्यात आला. या अधिक महिन्यात लेक-जावई म्हणजे लक्ष्मीनारायण. त्यांचे पाय धुवायचे, दिवा लावून अनारशांचं वाण द्यायचं, पुरणाचे धोंडे करून पोटभर जेवू घालायचं. मी हे सगळं श्रद्धेनं करते. माझ्या जावयाचे पाय मी धुते आणि मला त्यात काही कमीपणा वाटत नाही. पण माझा जावई जेवतो आणि संध्याकाळच्या गाडीनं आपल्या घरी जातो. हा मुक्कामाला आला. नळाला पाणी आठवड्यानं येणार, टाकीचा तळ दिसायला लागलेला, आणि हा सकाळ-संध्याकाळ आंघोळ करतोय नि मालनबाई बादल्या उचलून देताहेत. पूजेलाही तोच बसायचा. "नारायण घरात असताना दुसऱ्यानं कामून पूजा करायची?" मालनबाई म्हणायच्या. त्या जुन्या वळणाच्या. जावयासमोर खुर्चीवर बसणार नाहीत, डोक्यावरचा पदर ढळू देणार नाहीत, त्याच्याशी थेट बोलणार नाहीत. तो दोन हातांच्या अंतरावर बसलेला असायचा आणि ह्या दाराआडून म्हणायच्या, "प्रेरणा, इचार बरं त्यांना, चहा ठेवू का?"

एके दिवशी त्याला भेटायला प्लॉटचं गिऱ्हाईक त्याच घरी आलं. सुदर्शन कोपऱ्यात मोटार उघडून बसलेला. तो उठला नाही, नमस्कार केला नाही, उलट तारेकडं बघत काहीतरी पुटपुटला आणि हसला. गिऱ्हाइकाला वाटलं आपल्यालाच हसला. राजेंद्रचं नाक कापलं गेलं. सगळं तिथून सुरू झालं. पोराच्या आजाराची काळजी वगैरे नंतर जोडलेलं.

संध्याकाळी मी विरजण मागायला गेले तर सभा भरलेली. राजेंद्र सुदर्शनच्या गोळीचं पाकीट उलटंसुलटं करत होता.

"एवढ्याशा गोळीनं मांजर तरी झोपंल का?"

"डॉक्टरांनीच ठरवून दिलीय," मी म्हटलं. "त्यांना एक फोन करून विचारा की."

"मावशी, डॉक्टर डोस कमीच देत असतेत. पेशंट बरा झाला तर दुकान कसं चालंल? आतलं मला विचारा. मी मेडिकल लाईनचा."

दुसऱ्या दिवशी तो जुन्या ओळखीतून, चिठ्ठीबिठ्ठी न दाखवता, थेंबांची एक बाटली घेऊन आला. रंग नाही, वास नाही. रोजची गोळी चालूच, वर हे थेंब. आता प्रश्न एवढाच होता की सुदर्शनला ते द्यायचे कसे. आजाराच्या पहिल्या दिवसांपासून त्याला एक सवय लागलेली: चहा हुंगून प्यायचा, भाजी बोटानं चाळून बघायचा. पण तीर्थाला तो कधी नाही म्हणाला नव्हता. डोक्यात वादळ उठलं होतं त्या दिवसांतही आईनं तीर्थ दिलं की हात पुढं करायचा. ओंजळीत घ्यायचा, डोळे मिटायचा, प्यायचा, ओला हात केसांवरून फिरवायचा.

म्हणून राजेंद्रनं ते तीर्थात घातलं.

मी समोर होते. पूजेची फुलं द्यायला गेले होते. त्यानं ताम्हनातलं तीर्थ एका फुलपात्रात वेगळं काढलं, खिशातून बाटली काढली आणि थेंब सोडले. तोंडानं मंत्र चालूच.

"राजेंद्रराव, तीर्थात?"

"औषध बी अमृतच की, मावशी. अमृतात अमृत." आणि हसला. स्वतःच्या विनोदाला तो नेहमी पहिला हसतो.

मालनबाईंनी मला कोपराला धरून स्वयंपाकघरात ओढलं. "वहिनी, हात जोडते, बोलू नका. धोंड्याचा महिना हाय. जावई नाराज होऊन गेला तर माझ्या पोरीला जलमभर ऐकावं लागंल."

"आणि पोराला काय झालं तर?"

"त्याच्या भल्यासाठीच करायलेत ना ते."

मी घरी आले आणि त्या दिवशी माझं जपात मन लागलं नाही. देवाच्या नावानं पैसे खाणारे मी पाहिलेत, देवाच्या नावानं मतं मागणारेही पाहिलेत. पण तीर्थ घेताना माणूस डोळे मिटतो तेवढ्या क्षणात त्याला फसवणारा मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि तोही सोवळं नेसून.

सुरुवातीला सगळे खूश. सुदर्शन पेंगायला लागला, पुटपुटणं बंद झालं. राजेंद्र दारात उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "बघा, शांत झाला का नाय? इतकी वर्षं त्या डॉक्टरला जमलं नाय." मी बघत होते ते वेगळंच होतं. पोराचा चेहरा पुसलेल्या पाटीसारखा कोरा. हाताला कंप. तांब्याची तार बोटांतून निसटायची, तो ती उचलायला वाकायचा आणि निम्म्यातच थांबायचा, जणू पुढं काय करायचं ते विसरला. चालताना पाय उचलेना, घासत न्यायचा. तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ. मी मालनबाईंना म्हटलं, हे शांत होणं नाही. त्यांनी प्रेरणाला आत राजेंद्रला विचारायला पाठवलं. आतून उत्तर आलं, "औषध लागू पडायलंय. अजून थोडे थेंब वाढवू."

थेंब वाढले.

धोंड्याच्या जेवणाचा दिवस उजाडला. राजेंद्रच्या घरची माणसं वैजापूरहून येणार होती, म्हणून मी पुरण वाटायला सकाळीच गेले. बाहेरच्या खोलीत प्रेरणा सुदर्शनला नवा शर्ट घालत होती आणि तिला ते जमत नव्हतं.

"आई, ह्याचा हात वाकंना गं."

मी गेले. कोपरात हात धरून बघितला. हट्टानं हात आखडणारं पोर मला ठाऊक आहे; ते जोर लावतं, मग सोडतं, मग परत लावतं. इथं तसलं काही नव्हतं. कुठूनही वाकवा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा कडक, नळाचा लोखंडी पाईप वाकवावा तसा. दुसरा हात तसाच. मानही तशीच. आणि अंगाला हात लावला तर चटका बसला. ताप नव्हे, भट्टी. एवढ्या तापात घाम किती, तर गादी भिजून खालची सतरंजी ओली. गळ्यापाशी नाडी उडताना नुसत्या डोळ्यांनी दिसत होती.

"सुदर्शन, माझा कूलर बंद पडला रे," मी म्हटलं. डोळे उघडे होते. ते माझ्याकडं वळले नाहीत. पाणी पाजलं तर गिळता येईना, ओघळून गळ्यावर आलं. खाटेखाली लघवीचं भांडं होतं. त्यातला रंग बिनदुधाच्या चहासारखा.

राजेंद्र दाढी करून आला. कपाळाला हात न लावता, उंबऱ्यावरूनच म्हणाला, "ऊन लागलंय. तळपायाला कांदा लावा."

मालनबाई कांदा किसायला बसल्या. मराठवाड्यात जन्म गेला माझा, ऊन लागलेली माणसं मी कमी पाहिली नाहीत. मी पाहिलेली सगळी कोरडी भाजून निघालेली आणि लुळी पडलेली. हा घामानं निथळत होता आणि लाकडासारखा ताठ होता. शिवाय पोरगं घराबाहेर पडलंच कधी होतं? मी तसं म्हटल्यावर राजेंद्र जवळ आला, सुदर्शनचा हात उचलला, सोडला, आणि निदान बदललं. "नाटक करायलाय. पाव्हणे येणार म्हणल्यावर ह्याचं असंच असतं." थोड्या वेळानं प्रेरणा रडायला लागली तेव्हा तिसरं निदान. "आजार उसळलाय. मी म्हणलंच होतं डोस कमी पडायलाय. थांबा, तीर्थ देतो."

आणि तो देवघरातून फुलपात्र घेऊन आला. बाटली दुसऱ्या हातात.

मी ते फुलपात्र त्याच्या हातातून काढून घेतलं आणि मोरीत ओतलं. आयुष्यात तीर्थाचा थेंब मी जमिनीवर पडू दिलेला नाही, सांडला तर पदरानं टिपून घेतलाय. पण ते ओतताना माझ्या मनात एवढीसुद्धा चलबिचल झाली नाही. देव त्यात नव्हता. फक्त राजेंद्र होता.

"मावशी!" तो ओरडला. "देवाचा अपमान केला तुम्ही!"

"देवाचं मी बघते. तुम्ही बाजूला व्हा. पोराला दवाखान्यात न्यायचंय."

"पाव्हणे दारात आलेत. पानं वाढली की बघू. एवढं काय मरायला लागलाय?"

तो खरंच पाटावर जाऊन बसला. बाहेरून त्याची माणसं आली होती, रांगोळी काढलेली होती, समया लावलेल्या. मालनबाई तूप वाढत होत्या, पण बघत होत्या पलीकडच्या खोलीच्या दाराकडं, आणि तूप पानाबाहेर पडत होतं. "धार थांबवू नका म्हणावं," हा प्रेरणाला म्हणाला. मेव्हणा पलीकडच्या खोलीत जळत होता आणि हा धोंडा फोडून त्यात तुपाला जागा करत होता. मी त्याच्याबद्दल जे काही लिहिलंय ते कुणाला जास्त वाटलं, तर त्यानं हे चित्र डोळ्यांपुढं आणावं.

मी कोपऱ्यावर गेले. जहांगीरभाई रिक्षात झोपले होते, हाक मारली तसे उठून धावत आले. सुदर्शनला काखेत धरून उचलायला गेले आणि थबकले.

"भाभी, ये तो लकडी हो गया! कब से है ऐसा? घर में इतने लोग, कोई देखा नै क्या?"

"देखा. सब देखे," मी म्हटलं.

त्याला बसवता येईना, कारण तो वाकतच नव्हता. तिरका घातला, पाय बाहेर, ते प्रेरणानं मांडीवर धरले. ते बघून मालनबाईंनी तुपाचं भांडं खाली ठेवलं आणि तशाच खरकट्या हातांनी रिक्षात चढल्या. मागून राजेंद्रची गाडी आली. काळजीनं नाही. "तुम्हांला तिथं बोलता येणार नाय," असं म्हणत आला. तिथं काय बोललं जातंय याची त्याला धास्ती होती.

घाटीच्या सरकारी दवाखान्यात, अपघात विभागात, अरफा नावाच्या डॉक्टर होत्या. वयानं माझ्या धाकट्या लेकीएवढ्या. त्यांनी आधी ताप बघितला, मग सुदर्शनचा कोपर हळू वाकवला, मग पटकन वाकवला, मग दुसरा, मग मनगट. रक्तदाब घेतला, थोड्या वेळानं परत घेतला, दोन्ही वेळा निराळा आला. मग थेट विचारलं, "मनाच्या आजाराचं औषध चालू आहे का ह्याला?"

"एक साधी गोळी आहे, जुनीच," राजेंद्र पुढं झाला. "त्याचं काही नाही, डॉक्टर. ऊन लागलंय. मी मेडिकल लाईनचाच."

"म्हणजे काय करता?"

"फार्मा... डिस्ट्रिब्युशन."

"बरं. गोळी वाढवली? बदलली? वरून दुसरं काही दिलं, इंजेक्शन, थेंब?"

"काहीच नाही."

"थेंब दिलेत," मी म्हटलं. "बाटलीतले."

"ह्या शेजारच्या आहेत," राजेंद्र हसून म्हणाला. "पुदिन्याचे थेंब होते ते, पोटासाठी. वय झालं, गोंधळ होतो."

डॉक्टर माझ्याकडं नाही, मालनबाईंकडं वळल्या. "आई, नीट ऐका. मेंदूत ताप गेला असेल तर एक उपचार, ऊन असेल तर दुसरा. पण हे औषधानं झालं असेल तर ते औषध ह्या मिनिटाला बंद करायचं. आणि उद्या हा तडफडला, ओरडला, तरी त्या जातीचं इंजेक्शन इथं कुणी त्याला द्यायचं नाही. मला माहीत नसेल तर शांत करायला म्हणून वॉर्डात तेच दिलं जाईल. मग मी ह्याला वाचवू शकणार नाही. कोणतं औषध?"

मालनबाई खाली बघत उभ्या होत्या. एका बाजूला स्ट्रेचरवर पोरगा, दुसऱ्या बाजूला लेकीचा नवरा. राजेंद्र हलक्या आवाजात बायकोला म्हणाला, पण सासूला ऐकू जाईल असा, "घरचं घरात राहू दे म्हणावं. नायतर तू बी इथंच राहा मग."

बाटली त्याच्या शर्टाच्या खिशात होती. पेनांच्या मागं तिचं झाकण दिसत होतं. मला दिसत होतं, प्रेरणाला दिसत होतं.

मालनबाई पुढं गेल्या आणि त्यांनी जावयाच्या खिशात हात घातला.

ज्या बाईनं लग्नापासून ह्या माणसाच्या डोळ्याला डोळा दिला नाही, तिनं. पेनं फरशीवर पडली. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला आणि तिनं तो परत घेतला नाही. त्याला ती म्हणाली, "सरका तिकडं." थेट त्याला म्हणालेलं तिचं ते पहिलं वाक्य असावं. मग डॉक्टरांना, "हे. तीर्थातून द्यायचे. रोजच्या गोळीवर. परवापासून जास्ती. मला ठाऊक होतं, बाई."

डॉक्टरांनी बाटलीवरचं नाव वाचलं आणि शेजारच्या डॉक्टरला मोठं इंग्रजी नाव सांगितलं, न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोम. त्यानंतर माणसांची धावपळ सुरू झाली. सलाईन, बर्फ, ओल्या चादरी, रक्ताच्या नळ्या. सगळं होता होताच त्यांनी मालनबाईंना समजावलं. ह्या जातीच्या औषधानं क्वचित कुणाला असं होतं, नवीन सुरू केलं किंवा भराभर वाढवलं की जास्त. अंग ताठतं, ताप चढतो, भान जातं, घाम, नाडी आणि रक्तदाब ताळ्यावर राहत नाहीत. ताठलेले स्नायू झिजतात आणि त्यांचा मळ मूत्रपिंडात जाऊन बसतो, म्हणून लघवी काळी. "घरच्यांना वाटतं आजार वाढला, म्हणून अजून औषध देतात," त्या म्हणाल्या. "तिथंच माणूस जातो." राजेंद्रकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. बाटली तेवढी कागदांना चिकटवून ठेवली.

राजेंद्र थोडा वेळ भिंतीला टेकून होता. मग "गाडी उन्हात हाय" असं म्हणून गेला.

सुदर्शन अतिदक्षता विभागात राहिला. मूत्रपिंडं जातात की राहतात, असं बरेच दिवस टांगणीला होतं. मी घरी देवापाशी दिवा विझू दिला नाही, एवढंच माझ्या हातात होतं. हळूहळू ताप उतरला. मग एके सकाळी मालनबाईंचा फोन आला, नुसत्या रडत होत्या. मला वाटलं गेला. तर म्हणाल्या, "बोटं वाकवली, वहिनी. माझं बोट धरलं."

त्याच आठवड्यात राजेंद्रचे चुलते तात्यासाहेब वैजापूरहून आले. दवाखान्यात नाही, घरी. मालनबाई आंघोळीपुरत्या घरी आल्या होत्या, मी डबा भरत होते. पाणी पिऊन झाल्यावर तात्यासाहेबांनी विषय काढला.

"मालनबाई, झालं ते लई वंगाळ झालं."

मला वाटलं पोराचं म्हणताहेत.

"चारचौघांत, परक्या माणसांपुढं सासूनं जावयाच्या खिशात हात घालायचा? आणि तो बी धोंड्याच्या महिन्यात? पोरगं दोन घास नीट जेवायला तयार नाय. येऊन माफी मागा, वाण राहिलंय ते द्या, विषय संपवू. प्रेरणाच्या संसाराचा इचार करा."

सुदर्शन कोणत्या वॉर्डात आहे, शुद्धीवर आहे का, जेवतो का, एक अक्षर नाही. अख्ख्या खानदानाला दुखणं एकच दिसलं, राजेंद्रच्या शर्टाच्या खिशाचं. मी डब्याचं झाकण आपटलं, त्याचा आवाज त्यांना ऐकू गेला असेल तर बरंच.

मालनबाई म्हणाल्या, "मागते की माफी. पाय धरते. पण पोराला अजून म्हाईत नाय त्याला काय पाजलं. तुमच्या पुतण्यानं त्याच्या उशाशी यावं आणि आपल्या तोंडानं सांगावं. मंग त्याच खाटंपाशी मी पाय धरते."

"असं कुठं असतंय व्हय?"

"नसंल तर नसू द्या."

तात्यासाहेब चहा न घेता गेले. राजेंद्र आला नाही. प्रेरणा दोन्ही घरी जाते-येते. ती फारसं बोलत नाही, मी विचारत नाही. तो मात्र बोलतो. एका साखरपुड्यात मी त्याला माझ्या कानांनी ऐकलं. पुरुषांच्या घोळक्यात उभा राहून सांगत होता, "त्या आजाराचं नावच लई मोठं हाय. डॉक्टरला बी पटकन समजत नाय. मी हात धरल्याबरोबर वळखलं. म्हणलं, हे ऊन नाय, हे वेगळं हाय." आणि समोरच्या एकानं आपलं मनगट पुढं केलं.

राजेंद्र येऊन सांगेल म्हणून वाट बघण्यात अर्थ नाही हे मालनबाईंना कळायला फार दिवस लागले नाहीत. सुदर्शन घरी आल्यावर त्यांनीच त्याला सगळं सांगितलं. कुणी आणलं, कशात घातलं. तो ऐकत होता. मग विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"व्हय रे बाळा."

तो उठून मोटारीपाशी जाऊन बसला. बरेच दिवस कामापुरतंच बोलायचा. मधल्या काळात क्रांती चौकाच्या डॉक्टरांनी त्याला नुसतं तपासत ठेवलं, आणि मग दुसऱ्या जातीची गोळी, अगदी लहान, सुरू केली. ताप आला किंवा अंग जरा जरी आखडलं तर गोळी थांबवून त्याच पावली या, असं बजावून. आता पाकीट त्याच्याकडंच असतं. तो नाव वाचतो, गोळी स्वतः काढतो, आईच्या देखत गिळतो. हात अजून पूर्ण सुटलेले नाहीत, बारीक तार जमत नाही. जाड तारेच्या मोटारी भरतो.

तीर्थ तो घेत नाही. आईच्या हातचंही नाही. पूजा झाली की मालनबाई भांडं देव्हाऱ्यातच ठेवतात आणि काहीतरी काम काढून आत निघून जातात, म्हणजे त्याला नको म्हणावं लागत नाही.